करार आधी, प्रश्न नंतर

विज्ञानाच्या वाचकाला कुंभकोणम ठाऊक असते ते श्रीनिवास रामानुजन यांच्यामुळे. सारंगपाणी मंदिरासमोरच्या रस्त्यावरील त्यांचे घर आजही जपलेले आहे. नगराबाहेर पडताच कावेरीच्या पाण्यावर पोसलेली भातशेती सुरू होते. विज्ञान आणि राज्यकारभार यांच्यातील एका अवघड प्रश्नाचा धडा याच त्रिभुज प्रदेशाने देशाला दिला आहे.

तंजावर आणि तिरुवारूर जिल्ह्यांच्या जमिनीखाली खोलवर लिग्नाइटचे थर आहेत. त्यांतील मिथेन काढण्यासाठी २०१० मध्ये केंद्र सरकारने एका खासगी कंपनीशी करार केला. पुढच्याच वर्षी राज्य सरकारनेही सामंजस्य करारावर सही केली.

या वायूचे शास्त्र समजण्याजोगे आहे. कोळशाला चिकटून असलेला मिथेन पाण्याच्या दाबामुळे जागीच राहतो. तो मोकळा करायचा, तर थरातील पाणी उपसून दाब उतरवावा लागतो. मग शेतकऱ्याने विचारले : हे पाणी किती उपसणार? त्यातील क्षार कुठे सोडणार? भूजल खाली गेले, तर समुद्राचे खारे पाणी आत शिरणार नाही कशावरून? सेंद्रिय शेतीचे पुरस्कर्ते जी. नम्माळ्वार यांनी आयुष्याच्या अखेरच्या काळात हेच प्रश्न गावोगाव नेले.

राज्य सरकारने काम थांबवून तज्ज्ञ समिती नेमली ती जुलै २०१३ मध्ये. प्रकल्पाला अंतिम नकार मिळाला २०१५ मध्ये. दरम्यान विश्वास आटला होता. जून २०१७ मध्ये कुंभकोणमजवळच्या कदिरामंगलम येथे खनिज तेलाची वाहिनी गळली, तेव्हा लोक थेट रस्त्यावर उतरले.

जानेवारी २०२० मध्ये केंद्राने तेल व वायूच्या शोधकार्याला जनसुनावणीतून सूट दिली. फेब्रुवारीत तमिळनाडूने त्रिभुज प्रदेश संरक्षित कृषिक्षेत्र ठरवणारा कायदा संमत केला. शेतीला त्याने आधार दिला हे खरे. पण आधीपासून चालू असलेल्या कामांना त्याने हात लावला नाही. शिवाय बंदी म्हणजे मूल्यमापन नव्हे. कोणते तंत्र, कुठे, किती प्रमाणात आणि कोणाच्या जोखमीवर, याचे उत्तर बंदीतून मिळत नाही.

हे उत्तर आधीच शोधण्यासाठी अमेरिकी काँग्रेसने १९७२ मध्ये तंत्रज्ञान मूल्यमापन कार्यालय स्थापन केले. १९९५ मध्ये ते बंद पडेपर्यंत त्याने सुमारे ७५० अभ्यास प्रसिद्ध केले. निर्णय लोकप्रतिनिधींचाच असे; कार्यालय त्यांच्यापुढे पर्याय आणि त्यांचे परिणाम मांडत असे. भारतात १९८८ पासून ‘टायफॅक’ ही परिषद आहे. तिच्या नावात माहिती आणि पूर्वानुमानाबरोबर मूल्यमापनही आहे. परंतु तिची ओळख झाली ती ‘टेक्नॉलॉजी व्हिजन २०२०’सारख्या भविष्यवेधी आराखड्यांमुळे. करारापूर्वी स्वतंत्र मूल्यमापन झालेच पाहिजे, अशी सक्ती कोणावरही नाही.

प्रश्न विचारण्याची हक्काची जागा नसली, की तो रस्त्यावर विचारला जातो. तेव्हा शास्त्रज्ञाचे ऐकायला कोणी उरत नाही आणि शेतकऱ्याची शंका विकासविरोधी ठरते. २०१३ च्या समितीने तपासलेले प्रश्न २०१० च्या सहीपूर्वीही तेच होते. त्या वेळी ते सरकारी मेजावर असते, तर प्रकल्प कदाचित तेव्हाही नाकारला गेला असता. पण त्यासाठी शेतकऱ्याला शेत सोडून आंदोलनात उभे राहावे लागले नसते.