जीर्णोद्धाराच्या गावी

चेन्नईहून विल्लुपुरम्-मयिलादुतुरै या जुन्या लोहमार्गाने दक्षिणेकडे निघालेल्या प्रवाशास कुंभकोणम् यावयाच्या आधी एक लहानसे स्थानक लागते. त्याचे नाव तिरुनागेश्वरम्. मोठ्या गाड्यांचा प्रवासी बहुधा कुंभकोणम् येथे उतरतो आणि नगर-बसने सुमारे सहा किलोमीटर मागे पूर्वेस येतो. दोन्ही बाजूंस भाताची खाचरे, केळीच्या बागा आणि कावेरीच्या फाट्यांचे संथ पाणी. तंजावर जिल्ह्याचा हा मुलूख मराठी माणसास अगदीच परका नाही. व्यंकोजीराजांपासून १८५५ पर्यंत तंजावरास भोसल्यांची गादी होती, आणि तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर १८०३ साली कोरविलेला भोसले कुळाचा मराठी इतिहास आजही वाचावयास मिळतो.

तिरुनागेश्वरम् हे दोन देवळांचे गाव. पहिले नागनाथस्वामींचे. आपल्याकडील औंढ्या नागनाथाची आठवण यावी असेच नाव. परंतु येथे लोकांची रीघ लागते ती शिवापेक्षाही राहूच्या दर्शनास. कुंभकोणम् परिसरातील नवग्रहस्थानांपैकी राहूचे स्थान हे. राहूची मूर्ती येथे मनुष्यमुखी आहे आणि ती नागवल्ली व नागकन्नी या दोन पत्नींसह आहे. रोज राहुकाळात तिच्यावर दुधाचा अभिषेक होतो आणि अंगावरून ओघळताना ते दूध निळसर होते, अशी भाविकांची श्रद्धा आहे. 'पेरियपुराणम्' हा तमिळ ग्रंथ रचणाऱ्या सेक्किळार यांची या क्षेत्रावर इतकी भक्ती होती की, चेन्नईजवळच्या आपल्या कुन्ड्रत्तूर गावी त्यांनी याच नावाचे दुसरे मंदिर उभारले.

दुसरे देऊळ विष्णूचे, ओप्पिलिअप्पन् यांचे. 'ओप्पिलि' म्हणजे ज्याला उपमा नाही असा. परंतु तमिळमध्ये 'उप्पु' म्हणजे मीठ. तेव्हा लोकांच्या जिभेवर 'उप्पिलिअप्पन्', म्हणजे 'बिनमिठाचा देव', हे नाव रुळले. कथा अशी की, मार्कंडेय ऋषींच्या कन्येला मागणी घालावयास भगवंत म्हाताऱ्याच्या वेषात आले. मुलगी लहान आहे, तिला स्वयंपाकात मीठ किती घालावे हेही कळत नाही, अशी अडचण ऋषींनी सांगितली. वर म्हणाला, तिने केलेले अन्न अळणी असले तरी मी आनंदाने खाईन. तेव्हापासून येथील नैवेद्यात मीठ नसते, आणि बाहेरून मिठाचा पदार्थही आत नेत नाहीत. प्रसाद तोंडात घातला म्हणजे पहिल्या घासास जीभ चमकते. दुसऱ्या घासास तांदळाची, डाळीची स्वतःची चव लागू लागते. काय नाही याची खंत सोडली की काय आहे ते कळते.

या प्रांतातील देवळांची आणखी एक रीत ध्यानात ठेवण्याजोगी आहे. परंपरेप्रमाणे साधारण बारा वर्षांनी कुंभाभिषेक करावयाचा. त्यापूर्वी जीर्णोद्धार होतो. गाभाऱ्यातील देवत्व तात्पुरत्या बालालयात हलवितात, भेगा बुजवितात, गोपुरे रंगवितात आणि मग कलशांचे पाणी शिखरावर ओततात. पाया व दगड जुनेच. झिजले तेवढे बदलले. जे जुने झाले ते टाकावयाचे नसते, पारखून सज्ज करावयाचे असते, हा धडा या मातीत मुरलेला आहे. वाचकहो, याच धड्याचा उपयोग आज आपण एका अगदी घरगुती प्रश्नासाठी करणार आहोत. तो प्रश्न म्हणजे बेताच्या पैशांत घरी संगणक कसा आणावा.

हा विषय या गावी अप्रस्तुत वाटेल. पण तसे नाही. जवळच तिरुभुवनम् आहे. तेथील रेशमी साड्यांना २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळाले. विणकरांत सौराष्ट्री समाजाचे लोक पुष्कळ, आणि त्यांच्या बोलीत मराठीचे अंश आढळतात. जरीचे काठ-पदर विणणाऱ्या मागावर जॅकार्डचे यंत्र बसविलेले असते आणि त्यात भोके पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ फिरते. भोक असेल तेथे धागा उचलला जातो, नसेल तेथे नाही. फ्रान्समधील जाकार यांनी १८०४ च्या सुमारास सिद्ध केलेल्या या युक्तीवरूनच पुढे चार्ल्स बॅबेज यांना आपल्या गणनयंत्रास पुठ्ठ्यांनी आज्ञा देण्याची कल्पना सुचली. म्हणजे संगणकाच्या कुळातील एक पूर्वज या गल्ल्यांतून पिढ्यान्‌पिढ्या खटखटतो आहे.

आणि कुंभकोणम् म्हणजे श्रीनिवास रामानुजन् यांचे गाव. सारंगपाणी देवळासमोरच्या रस्त्यावरील त्यांचे लहानसे घर आज जतन केलेले आहे. १९०३ च्या सुमारास त्यांच्या हाती कार यांचा गणिताचा ग्रंथ आला. तो नवा नव्हता, विकत घेतलेलाही नव्हता. उसना आणलेला होता. कागद महाग, म्हणून ते पाटीवर गणिते मांडीत आणि कोपराने पुसून टाकीत. साधन जुने होते, उसने होते, परंतु कामाचे होते. आपल्या मुलासाठी सर्वांत नवे यंत्र घेता येत नाही म्हणून कष्टी होणाऱ्या आई-बापांनी त्या घराचा उंबरठा एकदा अवश्य पाहावा.

आता बाजाराकडे वळू. मोठ्या कचेऱ्या आपले संगणक तीन ते पाच वर्षांनी बदलतात. ते घाऊक विकले जातात, व्यापारी त्यांची सफाई-दुरुस्ती करतात आणि 'रिफर्बिश्ड' म्हणून पुन्हा विकतात. चेन्नईची रिची स्ट्रीट, मुंबईचा लॅमिंग्टन रोड, बंगळूरचा एस. पी. रोड, दिल्लीचे नेहरू प्लेस ही या व्यापाराची प्रसिद्ध ठाणी. सध्या अशा मालाची आवक वाढण्यास आणखी एक कारण आहे. मायक्रोसॉफ्टने विंडोज १० या प्रणालीची नियमित देखभाल १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबविली. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षाव्यवस्था लागते आणि इंटेलचा प्रोसेसर असल्यास तो सामान्यतः आठव्या पिढीचा अथवा त्यानंतरचा लागतो. त्यामुळे धडधाकट असूनही पुष्कळ यंत्रे मोडीत निघाली. यात ग्राहकाचा लाभ आहे, आणि फसगतीचा धोकाही आहे.

म्हणून पहिला प्रश्न दुकानदारास नव्हे, स्वतःस विचारावा : घरात संगणक कशासाठी हवा? मुलांचा अभ्यास, पत्रलेखन, हिशेब, वीजबिल, निवृत्तिवेतनाचे कागद, परगावच्या लेकीशी दृक्‌संवाद एवढेच काम असेल, तर चित्रपट-संकलनाचे किंवा भारी खेळांचे सामर्थ्य विकत घेणे व्यर्थ होय. येथे ओप्पिलिअप्पन् यांचा नैवेद्य आठवावा. मीठ नसले तरी चालते. भात मात्र शिजलेला हवा.

तो शिजलेला भात कोणता, ते सांगतो. स्मृती, म्हणजे रॅम, ८ जीबी असावी. साठवणीसाठी फिरत्या चकतीऐवजी एसएसडी असावी. २५६ जीबी घरास पुरते. जुन्या यंत्राचा वेग सर्वांत अधिक कशाने वाढत असेल, तर याच एका बदलाने. प्रोसेसरची पिढी त्याच्या क्रमांकावरून कळते : 'आय-५ ८३५०' यातील पहिला ८ म्हणजे आठवी पिढी, 'आय-५ ७३००' म्हणजे सातवी, दहावीपासून पहिले दोन आकडे पाहावे. कचेऱ्यांसाठी बनविलेले लेनोवो थिंकपॅड, डेल लॅटिट्यूड, एचपी एलिटबुक यांसारखे लॅपटॉप घरगुती वापराच्या स्वस्त प्रकारांहून दणकट असतात आणि त्यांचे सुटे भाग मिळतात. एका जागी बसूनच काम असेल, तर लहान आकाराचा डेस्कटॉप स्वस्त पडतो. मात्र पडदा, कळफलक आणि वीज गेल्यावर आधार देणारा यूपीएस यांची किंमत त्यात धरावी. जेथे वीज वारंवार जाते, तेथे लॅपटॉप बरा.

आता परीक्षा. येथील भाविक राहूवरचे दूध निळे होते का, हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहण्यासाठी राहुकाळाची वाट पाहत थांबतात. आपणही दुकानात निदान अर्धा तास थांबावे.

यंत्र बंद करून पुन्हा सुरू करावे. सुरू होतानाच जुन्या कचेरीचा संकेतशब्द मागत असेल, तर ते तसेच परत द्यावे. ते कुलूप घरी उघडत नाही. प्रत्येक कळ दाबून पाहावी. पडदा पांढरा करून डाग व रेघा शोधाव्या. बिजागरी सैल नाही ना, कॅमेरा, ध्वनी, वायफाय, यूएसबीची तोंडे चालतात ना, ते पाहावे. विंडोज असेल तर 'पॉवरसीएफजी बॅटरीरिपोर्ट' ही आज्ञा देऊन बॅटरीची मूळ क्षमता आणि आज उरलेली क्षमता ताडून पाहावी. तळ फुगला असेल अथवा स्पर्शपट्टी वर उचलली गेली असेल, तर आतील बॅटरी सुजली आहे. ती पेट घेऊ शकते, तेव्हा कितीही स्वस्त असले तरी ते यंत्र नको. एसएसडीचे आयुष्य दाखविणारे विनामूल्य प्रोग्राम असतात; दुकानदारास ते चालवून दाखवावयास सांगावे. यंत्रावरील अनुक्रमांक आणि पावतीवरील अनुक्रमांक एकच असावा. जीएसटीची पावती व लेखी हमी यांशिवाय पैसे देऊ नयेत. पावती न देणाऱ्याचा माल चोरीचाही असू शकतो.

एक सूचना विशेष आहे. तमिळनाडू शासनाने १५ सप्टेंबर २०११ रोजी शासकीय व अनुदानित शाळा-महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांना विनामूल्य लॅपटॉप देण्याची योजना सुरू केली. एल्कॉट या शासकीय महामंडळामार्फत लक्षावधी यंत्रे वाटली गेली आणि ज्या घरांत पूर्वी रेडिओखेरीज यंत्र नव्हते, तेथे संगणक पोहोचला. शासकीय मुद्रा असलेले असे यंत्र कोणी विकावयास आणले, तर ते घेऊ नये. ते एका विद्यार्थ्याच्या शिक्षणासाठी लोकांच्या पैशांतून दिलेले आहे.

खरेदीनंतरचा खर्चही आधीच मांडावा. आपल्याकडे म्हण आहे : चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला. यंत्राची किंमत, नवी बॅटरी, वाढीव स्मृती, चार्जर यांची बेरीज त्याच कामाच्या नव्या यंत्राच्या दोन-तृतीयांशापुढे जाऊ लागली, की जुन्याचा मोह सोडावा आणि पूर्ण हमीचे नवेच घ्यावे. भाव सतत बदलतात. हे प्रमाण मात्र हिशेबास उपयोगी पडते.

विंडोज ११ न चालणारे यंत्र घरात आधीच असेल, तर ते टाकण्याची घाई नको. लिनक्स मिंट, उबुंटू अशा मुक्त प्रणाली त्यावर विनामूल्य बसविता येतात. आपल्या सी-डॅक या संस्थेने 'बॉस' ही भारतीय भाषांना सोयीची प्रणाली तयार केली आहे. सी-डॅकचे मुख्यालय पुण्यास आहे, आणि तमिळनाडूच्या विद्यार्थ्यांना दिलेल्या लॅपटॉपमध्ये बॉस घातलेली होती. मराठीही या सर्व प्रणालींत सहज उमटते.

दुसऱ्याचे यंत्र घरी आणल्यावर त्यातील सर्व साठा पुसून प्रणाली नव्याने बसवावी, आणि मगच बँकेचे व्यवहार करावेत. उलटपक्षी आपले यंत्र विकताना आपली छायाचित्रे व कागदपत्रे आधी दुसरीकडे उतरवून घ्यावी, मग साठा पूर्ण पुसावा. देवालाही जीर्णोद्धारापूर्वी बालालयात नेतात, ते उगीच नव्हे. आणि यंत्र खरोखरच निकामी झाले, तर ते भंगारवाल्याच्या जाळावर जाऊ देऊ नये. त्यात शिसे व अन्य विषारी द्रव्ये असतात. २०२२ चे ई-कचरा नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. नोंदणीकृत पुनर्चक्रीकरण केंद्राकडेच ते द्यावे.

वाचकहो, तिरुनागेश्वरम् येथे जाल तेव्हा दोन्ही देवळे पाहा, तिरुभुवनम् येथील मागांचा नाद ऐका आणि कुंभकोणम् येथील ते गणितज्ञाचे घर चुकवू नका. घरी संगणक आणताना गरज ओळखा, वस्तू पारखा, पावती घ्या. ज्या कुटुंबात चार पैसे जपून वापरावे लागतात, तेथे असे एक यंत्र मुलांच्या शिक्षणाची आणि वडीलधाऱ्यांच्या स्वावलंबनाची वाट मोकळी करू शकते. मग ते कोणाच्या टेबलावरून आले, याची आठवण फार दिवस राहत नाही.