रॉबिन्सन

मुलांनो, आणि वर्गाबाहेर गप्पा मारत उभे असलेल्या पालकहो,

आमची कन्या यंदा शाळेच्या बॅण्डमध्ये गिटार वाजवते. बुंकासाईत, म्हणजे शाळेच्या स्नेहसंमेलनात, त्यांनी ‘स्पिट्झ’चे ‘रॉबिन्सन’ घेतले होते. या गाण्याच्या सुरुवातीला गिटारवर एकेक स्वर सुटा छेडायचा असतो. ती सुरावट महिनाभर रोज संध्याकाळी आमच्या फुनाबोरीच्या दोन खोल्यांत घुमत होती. भिंती पातळ. शेजारच्या आजींना आम्ही दोनदा चिवडा नेऊन दिला.

आम्हाला वाटले, गाणे रॉबिन्सन क्रूसोवर असणार. कन्या म्हणाली, “नाही हो बाबा, ते दुकानाचं नाव आहे.”

मग आम्ही दोघांनी थोडे वाचून काढले. स्पिट्झ हा चौघांचा बॅण्ड १९८७ साली सुरू झाला. १९९१ पासून त्यांच्या सिंगल रेकॉर्डी निघू लागल्या, पण दहा निघाल्या तरी मोठे यश हाती लागले नाही. गायक मासामुने कुसानो थायलंडला फिरायला गेला असताना त्याने ‘रॉबिन्सन’ नावाचे डिपार्टमेंट स्टोअर पाहिले होते. नव्या चालीला काहीतरी नाव हवे म्हणून त्याने ते तात्पुरते लावले, आणि शेवटी तेच छापले गेले! गाण्याच्या शब्दांत रॉबिन्सन कुठेच येत नाही. ५ एप्रिल १९९५ रोजी ही अकरावी सिंगल आली. खपाच्या यादीत ती चौथ्या क्रमांकाच्या वर कधी गेली नाही, पण सोळा लाखांहून जास्त प्रती खपल्या. रॉकच, पण आरडाओरडा नाही. बहुधा म्हणूनच लोक ते पुन्हा पुन्हा ऐकत राहिले असावेत.

तात्पुरत्या नावाचे आम्हाला नवल वाटले नाही. आमच्या धंद्यात घाईत ‘टेम्प’ नाव दिलेली फाइल दहा वर्षे कामावर असते, आणि तिला हात लावायची कोणाची छाती होत नाही.

कन्येची गिटार मात्र शाळेची, उसनी. स्वतःची हवी म्हणून ती दोन वर्षे मागे लागली होती. आमचे उत्तर ठरलेले, “परत जाताना सामान वाढेल.” आम्ही आलो होतो दोन वर्षांच्या प्रोजेक्टसाठी. यंदा नववे वर्ष.

एका संध्याकाळी तारा जुळवता जुळवता तिने विचारले, “आपण इथे तात्पुरते आलोय ना? म्हणजे किती?”

आम्ही दोघे एकमेकांकडे पाहत राहिलो. मग आईला आठवले की कुकर लावायचा राहिला आहे.

बुंकासाईत तिची सुरुवात चुकली. चौघांनी थांबून पुन्हा पहिल्यापासून सुरू केले. मग मात्र गाणे छान झाले.

गेल्या रविवारी शिंजुकु लाइनने ओगावामाचीला उतरून आम्ही तिघे ओचानोमिझुच्या गिटारच्या दुकानांत गेलो. जुनीच, पण चांगली गिटार मिळाली. दुकानदाराने विचारले, केस कोणती देऊ? विमानातून न्यायची तर कडक बरी, रोज शाळेत न्यायची तर मऊ.

आम्ही मऊ घेतली.