पॅकिंगला किती लावावे?

गाडीखाली तेलाचा थेंब दिसला की गिऱ्हाईक म्हणते, "मेस्त्री, जरा जास्त सिलिकॉन लावा." पूर्वी आम्हीही असेच समजत होतो. त्याची किंमत आमच्या घराने मोजली आहे. आपल्यातली अनेक मुले गॅरेजात काम शिकतात, म्हणून हा अनुभव सांगत आहोत.

आम्ही दोघे भाऊ वडिलांच्या हाताखाली पद्मिनी टॅक्सीवर काम शिकलो. कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेल्या या गाडीवर मुंबईतील हजारो घरांच्या चुली पेटत होत्या. ऑक्टोबर २०२३ मध्ये पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून गेली. आता हौशी मालकांनी जपलेल्या पद्मिनी आमच्याकडे येतात. इंजिन तेच १०८९ सी.सी.चे, आणि गळतीही तीच!

वडील पॅकिंगला शेलॅक लावीत. लाखेपासून होणारा तो तपकिरी रस कागदी पॅकिंगला चांगला; पण वाळून कडक होतो, पुढच्या वेळी खरवडताना हात दुखतात. मग सिलिकॉनची ट्यूब आमच्या हाती आली. हवेतल्या ओलाव्याने ते रबरासारखे घट्ट होते. आम्हाला वाटले, आता काळजी मिटली.

एका टॅक्सीवाल्या मामांचे इंजिन आम्ही बांधत होतो. चेंबरच्या बुचाच्या पॅकिंगला दोन्ही बाजूंनी जाड थर फासला. वडील म्हणाले, "एवढे कशाला रे?" आम्ही म्हणालो, "गळायला नको, दादा." खरेच, बाहेर थेंबही आला नाही. पण पंधरा दिवसांनी मामा गाडी ओढून घेऊन आले. इंजिन खडखडत होते. चेंबर उतरवला, तर आतल्या बाजूला दबून आलेले सिलिकॉन तुटून ऑईल पंपाच्या जाळीवर बसले होते. तेल वर चढले नाही आणि बेअरिंगे गेली.

"इंजिनच जुने होते" असे आम्ही म्हणालो असतो, तर मामांना कळले नसते. वडिलांनी ते तुकडे तळहातावर घेऊन त्यांना दाखवले. म्हणाले, "पोरांची चूक आहे. खर्च आमचा." आईच्या भिशीचे पैसे त्यात गेले. मामांचा धंदा बुडाला तो वेगळाच.

तेव्हापासून ट्यूब उघडण्यापूर्वी आम्ही तीन गोष्टी पाहतो. आतून काय वाहते? दोन्ही तोंडे सपाट आहेत का? हा भाग पुन्हा कधी खोलावा लागेल?

हेड पॅकिंग बनवणाऱ्याने काही लावायला सांगितले नसेल, तर ते कोरडेच बसवावे. हेड वाकडे असेल तर आधी फेसिंग करून घ्यावे. वाकडेपणा ट्यूबने भरत नाही. टॅपेट कव्हरचे बुचाचे पॅकिंग फक्त कव्हरला चिकटवावे. इंजिनाकडची बाजू कोरडी ठेवली की पुढच्या वेळी पॅकिंग फाटत नाही. कार्बोरेटर आणि पेट्रोल पंपाला साधे सिलिकॉन लावू नये. पेट्रोलने ते फुगते आणि सुटते. तेथे नवे कागदी पॅकिंग घालावे, आणि लागलेच तर पेट्रोलला टिकणारा, न वाळणारा लेप पातळ लावावा. वॉटर पंपाच्या कागदी पॅकिंगलाही पातळ हात पुरतो. तोंडे आधी कोरडी पुसावीत, कारण तेलकट जागी काहीच धरत नाही. ट्यूबवर लिहिलेला वेळ जाऊ द्यावा. गिऱ्हाईक घाई करते म्हणून इंजिन चालू करू नये.

आणखी एक गोष्ट मुलांच्या आई-वडिलांनी लक्षात ठेवावी. जुन्या हेड पॅकिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते. त्याची धूळ फुप्फुसात बसते आणि त्रास अनेक वर्षांनी दिसतो. असे पॅकिंग कोरडे घासू नये, त्यावर हवा मारू नये; ओले करून काढावे. कामाचे कपडे घरात झटकू नयेत, वेगळे धुवावेत. आम्ही ही काळजी फार उशिरा घेऊ लागलो.

ते मामा पुढे टॅक्सी विकेपर्यंत आमच्याकडेच येत राहिले. चेंबर बांधताना मात्र दरवेळी स्टूल ओढून जवळ बसत आणि हसून विचारत, "आज किती लावलेत रे?"