दप्तराची राखण

आमच्या वडिलांच्या पिढीत वाडीचा हिशेब वहीत असे, वही फडताळात असे आणि फडताळाची किल्ली आईच्या कमरेला असे. वही कोठे आहे, हे घरातल्या लहान पोरालाही ठाऊक होते. पुढे आम्ही तिघा भावांनी वसईच्या वाड्यांतून भाजी, केळी आणि फुले गोळा करून मुंबईच्या दुकानांना पोहोचवण्याचा धंदा सुरू केला, तेव्हा ती वही संगणकात शिरली. शेतकरी वाढले, दुकाने वाढली. कोणाचा मोगरा किती आला, कोणाला शनिवारी किती रुपये द्यायचे, हे सारे एका डेटाबेसमध्ये साठू लागले. तो ज्या यंत्रात होता, ते आमच्या कार्यालयाच्या तळमजल्यावर टेबलाखाली घरघरत असे. रोज रात्री त्याची प्रत दुसऱ्या डिस्कवर आपोआप उतरे. या दप्तराची राखण आमचे हिशेबनीस काका करीत.

जुलै २०१८ मध्ये वसई-विरार पाण्याखाली गेले, ते दिवस वाचक विसरले नसतील. वीज गेली, गाड्या थांबल्या. काकांनी आणि आम्ही यंत्र वरच्या मजल्यावर नेले. पण पाणी आमच्याआधी त्याच्यापर्यंत पोहोचले होते. यंत्र पुन्हा सुरू झाले नाही. ‘प्रत आहे ना!’ म्हणून आम्ही निर्धास्त होतो. प्रत उघडली, तेव्हा कळले की डिस्क भरून गेल्यामुळे १९ दिवस नवी प्रत निघालीच नव्हती. संगणक तसे रोज मुकाट्याने नोंदवून ठेवीत होता. ती नोंद आमच्यापैकी कोणीच वाचली नव्हती.

१९ दिवसांचे देणे! आम्ही वाडीवाडीत हिंडलो. लोकांनी जपून ठेवलेल्या मालाच्या चिठ्ठ्या काढून दिल्या. एका वृद्ध मावशींनी आपली चिठ्ठी पुढे केली आणि म्हणाल्या, “बाबांनो, यातले दोनशे रुपये तुम्ही मला आधीच दिलेत. ते धरू नका.” आम्ही खाली मान घातली. आमच्या दप्तरावर ज्यांनी विश्वास ठेवला होता, त्यांच्याच प्रामाणिकपणावर ते दप्तर पुन्हा उभे राहिले.

पुढच्या वर्षी आम्ही डेटाबेस क्लाउडवरील व्यवस्थापित सेवेकडे सोपवण्याचे ठरवले. क्लाउड म्हणजे ढग खरा, पण त्यातही यंत्रेच असतात; फक्त ती दुसऱ्याच्या इमारतीत असतात. ॲमेझॉनने अशी सेवा २००९ मध्ये सुरू केली आणि २०१६ मध्ये त्या कंपनीची क्लाउड केंद्रे मुंबई परिसरातही आली. यंत्राची देखभाल, सॉफ्टवेअरची डागडुजी आणि रोजची प्रत हे सेवा देणारा पाहतो. त्या सेवेत प्रती ३५ दिवसांपर्यंत ठेवता येतात आणि त्या मुदतीतल्या हव्या त्या वेळेची स्थिती परत उभी करता येते. अधिक पैसे भरले, तर दुसऱ्या इमारतीत एक जोडप्रत सदैव सज्ज राहते. हे सारे ऐकून काकांनी विचारले, “मग माझे काम काय उरले?” आमच्यापाशी उत्तर नव्हते.

आमचा डेटाबेस पोस्टग्रेस या प्रकारचा. धंदा बंद न ठेवता तो हलवायचा होता. म्हणून जुन्यातला प्रत्येक बदल नव्यात उतरत राहील अशी योजना केली. ठरल्या रात्री थोडा वेळ नोंदी थांबवून नव्याकडे वळायचे होते. त्याआधी तालीम घेतली. नोंदी जुळल्या, बेरजा जुळल्या. आम्ही खुशीत होतो. काका म्हणाले, “एक पावती फाडून बघा.” फाडली, तर संगणकाने ती नाकारली. नवा डेटाबेस पावतीला पहिलाच क्रमांक देऊ पाहत होता आणि तो कधीच वापरून झाला होता. त्या पद्धतीत नोंदी उतरत, पण पुढचा क्रमांक कोणता हे सांगणारी मोजणी उतरत नसे. ती आपण वेगळी नेऊन ठेवायची असते. माहितीपत्रात तसे स्पष्ट लिहिले होते. आम्ही पुन्हा वाचले नव्हते!

मोठ्या घरांचीही गत निराळी नाही. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या कंपनीत एका अभियंत्याच्या हातून मुख्य डेटाबेसच पुसला गेला. राखणीच्या पाच तजविजींपैकी एकही धड चालत नसल्याचे तेव्हा उघड झाले. सुमारे सहा तासांपूर्वी सहज घेतलेल्या एका प्रतीने कंपनीला तारले. मधल्या तासांतली माहिती मात्र गेली. कंपनीने हे सारे जगापुढे मोकळेपणाने मांडले, हा तिचा मोठेपणा.

काकांच्या प्रश्नाचे उत्तर आम्हाला त्या तालमीने दिले. दप्तर दुसऱ्याच्या घरी ठेवता येते, जबाबदारी ठेवता येत नाही. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानेही तेच सांगितले आहे : माहिती दुसऱ्याकडून हाताळून घेतली, तरी उत्तरदायी तुम्हीच.

म्हणून दर तीन महिन्यांनी काका क्लाउडवरची एक प्रत रिकाम्या डेटाबेसमध्ये उघडतात. मग दहा शेतकऱ्यांच्या चिठ्ठ्या घेऊन बसतात आणि एकेक आकडा ताडून पाहतात. पहिली चिठ्ठी ते नेहमी त्या मावशींचीच घेतात.