अण्णांचा ट्रोडॅट

एमआरआय झाल्यावरही डॉक्टरांनी आणखी एक स्कॅन लिहून दिला, तेव्हा मला काहीच कळेना. अण्णांची चाल मंदावली होती, अक्षर बारीक झालं होतं, तोल जाऊन ते मागच्या मागे पडायचे. हाताला कंप मात्र नव्हता. "हा पार्किन्सनच असेल असं नाही," म्हणत डॉक्टरांनी अण्णांची औषधांची पिशवी टेबलावर रिकामी केली आणि एकेक पट्टी वाचली. अ‍ॅसिडिटीच्या गोळीतलं लेव्होसल्पिराइड, चक्करेवरचं सिनारिझिन यांनीही हुबेहूब अशीच लक्षणं येतात म्हणे! अण्णांकडे त्यातलं काही निघालं नाही.

या स्कॅनचं नाव ट्रोडॅट. किरणोत्सारी टेक्नेशियम जोडलेलं औषध शिरेतून देतात. मेंदूत डोपामाइन सोडणाऱ्या पेशींच्या टोकांना ते चिकटतं. तीन-चार तास थांबायचं, मग डोकं पट्ट्याने बांधून कॅमेऱ्याखाली निजायचं.

संगणकावर डॉक्टरांनी आधी एक निरोगी मेंदू दाखवला. डावीउजवीकडे दोन ठसठशीत स्वल्पविराम. ती टोकं झिजली की शेपटी पुसली जाते आणि नुसता ठिपका उरतो. अण्णांच्या चित्रात दोन्हीकडे ठिपकेच होते. गोळ्यांमुळे त्रास असता तर शेपट्या शाबूत दिसल्या असत्या.

"म्हणजे पार्किन्सनच ना?" मी विचारलं. तसं म्हणता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले. पीएसपी (प्रोग्रेसिव्ह सुप्रान्यूक्लिअर पाल्सी) आणि एमएसए (मल्टिपल सिस्टिम अ‍ॅट्रॉफी) या आजारांतही हीच शेपटी जाते. त्यांच्यातला फरक ट्रोडॅट सांगत नाही. इतक्या महागड्या तपासणीला काय विचारता येतं आणि काय नाही, हे घरच्यांना आधीच सांगायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

मग त्यांनी पेन अण्णांच्या डोळ्यांसमोर धरून हळूहळू खाली नेलं. मान न हलवता बघायचं होतं. डोळे खाली उतरेनात. जेवताना ताटातलं का सांडतं, ते मला तिथे उमगलं. नजर अशी अडली, शिवाय एमआरआयच्या मधल्या उभ्या छेदात मध्यमेंदू झिजून पक्ष्याच्या चोचीसारखा दिसला, तर पीएसपीचा संशय बळावतो. अण्णांच्या फिल्मवर ती चोच अस्पष्ट होती.

म्हणून आता एफडीजी पेट स्कॅन. मेंदूचा कोणता भाग साखर कमी वापरतो, ते त्यात दिसेल: पीएसपीत मध्यमेंदू आणि कपाळामागचा भाग, एमएसएत बहुधा पुटामेन आणि लहान मेंदू. पार्किन्सनवरचं लेव्होडोपा हे औषध तोवर चालू ठेवायचं आहे. पीएसपीत त्याचा गुण फारसा येत नाही, हेही डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. न्हाणीघरात धरायला दांडा आणि गिळण्याची तपासणी, या दोन गोष्टींना मात्र रिपोर्टची वाट पाहू नका म्हणाले.