हवा काढा, मग चला!

‘वाळू’ म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं? पुण्या-मुंबईच्या लोकांचं उत्तर ठरलेलं : गोवा, शॅक, शॉर्ट्स! मी वाशीम जिल्ह्यातल्या मानोऱ्याची. आमच्याकडे वाळू नसते, ‘रेती’ असते. ती ट्रॅक्टरमधून येते आणि बांधकाम सुरू असलेल्या घरासमोर तिचा ढीग पडतो. आमच्या घरावर वरचा मजला चढत होता तेव्हा मी आणि माझा मावसभाऊ त्या ढिगात अख्खी सुट्टी लोळलो. बारीक शिंपले शोधायचो आणि आजीच्या शिव्या खायचो. समुद्र आम्ही दोघांनीही कितीतरी वर्षांनी पाहिला.

तो मावसभाऊ, म्हणजे माझा दादा, आता ब्रिस्बेनला आयटीत आहे. मागच्या सप्टेंबरमध्ये मी त्याच्याकडे गेले, तेव्हा विमानतळावरच त्याने जाहीर केलं, ‘‘या वीकेण्डला रेतीत लोळायला जायचं. पण ढीग जरा मोठा आहे हं!’’

ढीग खरंच मोठा निघाला. तब्बल 120 किलोमीटरहून जास्त लांब!

अख्खं बेट वाळूचं

त्याचं नाव के’गारी. जगातलं सगळ्यात मोठं वाळूचं बेट. ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलँड राज्याच्या किनाऱ्याला अगदी खेटून आहे. जुन्या गाइडबुकमध्ये तुम्हाला ते ‘फ्रेझर आयलंड’ म्हणून सापडेल. 1836 साली एक जहाज फुटलं. त्यातून वाचलेल्या एलिझा फ्रेझर या कप्तानाच्या बायकोवरून ते नाव पडलं होतं. पण बेट तर त्याआधी हजारो वर्षांपासून बुचुल्ला या मूळनिवासी लोकांचं. त्यांच्या भाषेत के’गारी म्हणजे नंदनवन. बरीच वर्षं मागणी केल्यावर जून 2023 मध्ये बेटाला हे मूळ नाव अधिकृतपणे परत मिळालं.

आता गंमत ऐका. लांबी मुंबई-पुणे अंतरापेक्षा थोडीशीच कमी, पण दोन-चार वस्त्या सोडल्या तर डांबरी रस्ता नाही. म्हणजे फोर बाय फोर गाडी नसेल, तर बेटावर स्वतः गाडी चालवायचा विचारच सोडा. पूर्वेकडचा लांबच लांब किनारा हाच इथला हायवे. त्याचं नाव ‘सेव्हन्टी फाइव्ह माइल बीच’. गंमत म्हणून नव्हे, कायद्यानेही तो रस्ताच आहे. ताशी 80 ची मर्यादा, सीटबेल्ट आणि पोलीस, सगळं आहे. आणि हो, याच किनाऱ्यावर छोटी विमानंही उतरतात. विमान येताना दिसलं की आपण बाजूला व्हायचं!

ब्रिस्बेनहून तीनेक तास गाडी हाकल्यावर इन्स्किप पॉइंट येतो. तिथून बार्जमध्ये गाडीसकट चढायचं आणि दहाएक मिनिटांत पलीकडे. पण बार्जपर्यंत पोहोचण्याआधीच पहिला पेपर असतो. धक्का वगैरे काही नाही, गाडी भुसभुशीत वाळूतूनच न्यायची. दादा खाली उतरला, खिशातून गेज काढलं आणि चारही टायरमधली हवा सोडायला लागला. फुस्स्स! 35 च्या आसपास असलेला आकडा 20 वर आला.

‘‘पंक्चर झाल्यासारखी दिसतेय,’’ मी म्हटलं.

‘‘तसंच पाहिजे,’’ दादा म्हणाला. ‘‘आपल्या काळ्या मातीत जीप चालवायला शिकलोय मी. ही रेती काय चीज आहे?’’

हवा कमी केली की टायर पसरतो आणि जमिनीला जास्त टेकतो. मग गाडीचं वजन जास्त जागेवर वाटलं जातं आणि चाक वाळू उकरण्याऐवजी तिच्यावरून चालतं. उंटाचा पाय आठवा, तेच लॉजिक. बाकी नियमही सोपे. दणकून ब्रेक मारायचा नाही, झटकन वळायचं नाही आणि चाक जागच्या जागी फिरायला लागलं की अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय काढायचा.

हा शेवटचा नियम लक्षात ठेवा. आम्ही विसरलो.

जंगल, तळं आणि झिरा

आधी बेटाचं सांगते. वाळूचं बेट म्हटल्यावर मी मनातल्या मनात राजस्थान उभा केला होता. आत शिरलो तर डोक्यावर आभाळ दिसेना, इतकं दाट जंगल! वाळूत. खत नाही, काळी माती नाही. झाडं एकमेकांच्या कुजलेल्या पाल्यावर जगतात. त्याच्या आत तळी. चाळीसेक तळी तर अशी की ती जमिनीखालच्या पाण्याच्या पातळीपेक्षा वर, जणू लटकलेली आहेत. पालापाचोळा आणि वाळू यांचा तळाशी एक घट्ट थर बनतो आणि पावसाचं पाणी त्यावर बशीत साठावं तसं साठतं. त्यातलं मॅकेन्झी तळं, म्हणजे बुरांगूरा, बघून माझी बोलतीच बंद झाली. साखरेसारखी पांढरी वाळू आणि निळ्याच्या किती छटा! पाणी फक्त पावसाचं. म्हणून पाण्यात उतरताना साबण, शाम्पू, सनस्क्रीन लावू नका, अशी विनंती असते.

दुपारी किनाऱ्यावर एलाय क्रीकला थांबलो. वाळूतून झिरपलेलं गोडं पाणी इथे झऱ्याने समुद्राला मिळतं, ताशी 40 लाख लिटरपर्यंत. वहिनी आणि तिची आठ वर्षांची लेक टायरच्या ट्यूबवर बसून वाहत गेल्या. मी पाण्यात पाय सोडून बसले आणि मला एकदम आजी आठवली.

आमच्या तालुक्यातून अरुणावती वाहते. आजी सांगायची, उन्हाळ्यात नदी आटली की बायका पात्रातल्या रेतीत हाताने खड्डा करायच्या. तो झिरा. थोडं थांबलं की त्यात नितळ पाणी यायचं, वाटीने घागरीत भरायचं. रेती पाणी धरून ठेवते, हे आजीला भूगोलाच्या पुस्तकाशिवाय ठाऊक होतं. मी मात्र ते एवढ्या लांब येऊन, एका झऱ्यात पाय बुडवल्यावर समजून घेत होते. आणि आमच्या दारातला तो ढीग कुठून आला असेल, हा प्रश्नही मला पहिल्यांदाच पडला.

फसली!

आता तो नियम. दिवसातून दोनदा भरती येते आणि तेव्हा हा हायवे चक्क समुद्रात जातो. म्हणून भरतीच्या आधीचे दोन आणि नंतरचे दोन तास किनाऱ्यावर गाडी घालू नका, असं सगळीकडे लिहिलेलं असतं. आमच्याकडे वेळापत्रक होतं. दादाने ते फ्रिजवरही चिकटवलं होतं!

पण वाटेत ‘माहेनो’ लागलं. 1905 सालची ही आलिशान बोट पहिल्या महायुद्धात हॉस्पिटल शिप होती. 1935 मध्ये तिला भंगारात काढायला जपानकडे ओढून नेत असताना वादळात दोर तुटला आणि ती इथे येऊन रुतली. ती आजही तिथेच आहे, गंजून लालभडक. तिच्यावर चढायला बंदी आहे, फोटोला नाही. मग काय! एक फोटो, दुसरा फोटो, ‘‘थांब ना, लाइट मस्त आहे...’’ निघालो तेव्हा कोरड्या किनाऱ्याची पट्टी अर्धी झाली होती.

पुढे जाऊन एका लाटेला चुकवायला दादाने गाडी वरच्या बाजूला घेतली. वरची वाळू मऊ असते. गाडी मंदावली. दादाने पाय काढायच्या ऐवजी दाबला. इंजिन ओरडलं, वाळू उडाली आणि गाडी म्हशीसारखी खाली बसली.

‘‘फसली!’’ दादा म्हणाला. घाबरला की त्याचं वऱ्हाडी आपोआप सुरू होतं. ‘‘आता काय करू वं?’’

खाली उतरून पाहिलं तर मागचा एक्सल वाळूला टेकलेला. समुद्र वीसेक पावलांवर. दर चार-पाच लाटांनंतर एक लाट आधीच्यापेक्षा पुढे यायची. खारं पाणी गाडीत शिरलं की गाडीची वाट लागलीच. लेक रडायला लागली. वहिनीने काही न बोलता तिला उचललं आणि उंचावर नेऊन बसवलं. तो शांतपणा मला जास्त भीतीदायक वाटला.

तेवढ्यात एक जुनी गाडी थांबली. उतरलेल्या आजोबांनी आमच्याकडे नाही, टायरकडे पाहिलं. गेज लावलं, मान हलवली आणि हवा आणखी सोडली, 15 पर्यंत. मग फावडं दादाच्या हातात दिलं. आम्ही चाकांपुढची वाळू उपसली, आजोबांनी रिकव्हरी बोर्ड खाली सरकवले आणि दादाला हाताने खूण केली : हळू. अगदी हळू. एक लाट मागच्या चाकाला चाटून गेली आणि त्याच क्षणी गाडी बोर्डवर चढली. आजोबांनी ‘थँक्यू’ पुरतं ऐकूनही घेतलं नाही. पुढच्या भरतीआधी त्यांनाही कुठेतरी पोहोचायचं होतं.

गाडीत बराच वेळ कुणीच बोललं नाही. मग दादा म्हणाला, ‘‘टायरमधली काढली होती गं. डोक्यातली राहिली.’’

रोडगे नाहीत, पिठलं आहे

मुक्काम डुंडुबाराला, तंबूत. कॅम्पला कुंपण होतं, कारण बेटावर डिंगो आहेत. बुचुल्ला त्यांना वाँगारी म्हणतात. दिसायला थेट आपली गावठी कुत्री, म्हणून लोक फसतात. 2001 मध्ये इथे डिंगोंनी नऊ वर्षांच्या एका मुलाचा जीव घेतला होता. त्यांना खायला घातलं की जबर दंड होतो. जेवण, कचरा, इतकंच काय टूथपेस्टसुद्धा गाडीत बंद.

रानात मुक्काम म्हणजे रोडगे आणि वांग्याची भाजी, हे वऱ्हाडी माणसाचं पक्कं गणित. इथे ते चुकतं. ठरवून दिलेल्या मोजक्या शेगड्या सोडल्या तर शेकोटीला बंदी आहे. ऑक्टोबर 2020 मध्ये कुणीतरी केलेली बेकायदा शेकोटी नीट विझली नाही. तिच्यावर वाळू लोटलेली होती. पण वाळूखाली विस्तव विझत नाही, दबा धरून राहतो. त्यातून उठलेला वणवा दोन महिने पेटत होता. 80,000 हेक्टरहून जास्त, म्हणजे जवळपास अर्धं बेट त्यात होरपळलं. आम्ही गॅसवर पिठलं केलं, घरून आणलेल्या ठेच्याबरोबर खाल्लं. खरं सांगते, पंचतारांकित लागलं!

रात्री तंबूबाहेर बसलो. तारे इतके की पत्रिका बघणाऱ्याला चक्कर यावी. मी विचारलं, एवढी वाळू आहे तर कुणी नेली कशी नाही?

नेत होते की, दादाने सांगितलं. इथल्या वाळूत रुटाइल, झिरकॉन अशी खनिजं आहेत. खाणी सुरूही झाल्या होत्या. लोकांनी विरोध केला, चौकशी बसली. खाणवाले तिथल्या सर्वोच्च कोर्टात गेले आणि हरले. मग केंद्र सरकारने निर्यातीला नकार दिला आणि 1976 च्या अखेरीस खाणकाम थांबलं. 1991 मध्ये लाकूडतोड थांबली आणि 1992 मध्ये बेट युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आलं. म्हणजे आज दुपारी मी पाय बुडवलेला तो झरा नशिबाने नव्हे, ‘नाही’ म्हणणाऱ्या माणसांमुळे वाहतोय. आणि वाद आजही संपलेला नाही. एवढ्या गाड्या तरी बेटाने का सोसाव्यात, असं विचारणारे तिथेही आहेत. आमच्या गाडीने किनाऱ्यावर खणलेला खड्डा आठवून मी गप्प बसले.

दिवाळीत मानोऱ्याला गेले. गल्लीत एक घर चढत होतं. दारात ढीग होता, पण राखाडी, टोकदार. क्रश सँड, दगड फोडून केलेली. पोरं त्यावर खेळत नव्हती, टोचते म्हणे. शिंपले तर नाहीतच. संध्याकाळी आईला घेऊन नदीकडे गेले आणि विचारलं, आजी झिरा कुठे करायची? आईने पात्राकडे बोट दाखवलं, मग जरा इकडे, मग जरा तिकडे. तिला नक्की जागा सांगता येईना. रेतीच राहिली नव्हती, तर खूण कशाची सांगणार?

जाताय? मग हे वाचाच!

• गाडीचा आणि कॅम्पिंगचा, दोन्ही परवाने आधी ऑनलाइन काढा. भाड्याची गाडी वाळूवर चालते का, हे लेखी विचारून घ्या.

• भरतीचं वेळापत्रक फ्रिजवर नको, डॅशबोर्डवर लावा. फोटो ओहोटीत काढा.

• गेज, फावडं, रिकव्हरी बोर्ड आणि हवा भरायचा कॉम्प्रेसर सोबत हवाच. डांबरी रस्त्यावर परतलात की हवा भरल्याशिवाय वेग घेऊ नका.

• पूर्वेकडच्या समुद्रात पोहू नका. जोरदार प्रवाह आहेत आणि शार्कही. डुंबायचं तर तळी आहेत.

• जुलै ते ऑक्टोबर हा हंपबॅक देवमाशांचा सीझन. दुर्बीण विसरू नका.

• आणि हे वाचून नवी एसयूव्ही कोकणातल्या बीचवर घालायचा मोह झाला, तर प्लीज, नको! वेळास, आंजर्ले अशा किनाऱ्यांवर हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले कासवं वाळूत अंडी घालतात, आणि ती अंडी वरून दिसत नाहीत. गाडी रस्त्यावर ठेवा, चपला हातात घ्या. वाळूत चालायला टायर लागत नाही.