एका गोंड्यात किती फुलं

दसऱ्याच्या आदल्या दिवशी आगाशीतल्या आमच्या ओटीवर झेंडूची रास पडते. आंब्याचे टहाळे, सुतळी, दाभण आणि भोवती घरातली लहानथोर माणसं. कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवण्यात माझा जन्म गेला, पण सूर्यफुलाच्या कुळाचा पहिला धडा मी आजही या ओटीवरच देते. शेजारच्या पोराच्या हातात एक गोंडा ठेवायचा आणि म्हणायचं, यातलं एक फूल काढून दाखव. पोरगं सबंध गोंडाच पुढे करतं. मग मी त्यातली एक पाकळी बुडापासून अलगद उपसते. खाली काडीसारखा बारीक बीजकोश असतो आणि नळीतून दोन टोकांची पिवळी जीभ डोकावत असते. जिला आपण पाकळी म्हणतो, ते एक पुरं फूल आहे. अशी शंभराहून जास्त फुलं एका हिरव्या वाटीत दाटीवाटीनं बसली की गोंडा होतो. आपण पाकळ्या उधळतो, तेव्हा खरं तर ओंजळभर फुलंच उधळत असतो.

आमच्या पुस्तकी भाषेत या वाटीतल्या वस्तीला स्तबक म्हणतात. कडेची पसरट ती किरणपुष्पकं, मधली नळीसारखी ती बिंबपुष्पकं. सूर्यफुलात दोन्ही स्वच्छ दिसतात. झेंडूत माणसानं निवड करकरून कडेचीच फुलं वाढवली, म्हणून तो असा भरगच्च. या मांडणीचा फायदा साधा आहे. एक मधमाशी एका जागी बसते आणि पाय न उचलता डझनावारी फुलांचं काम उरकते. जगात या कुळाच्या सुमारे ३२,००० जाती आहेत. सपुष्प वनस्पतींत एवढा पसारा आमरांशिवाय दुसऱ्या कुणाचा नाही.

झेंडू मूळचा मेक्सिकोचा. पोर्तुगीजांच्या जहाजांतून तो हिंदुस्थानात आला असं मानलं जातं, आणि आगाशीत बसून हे लिहिताना मला ते फार जवळचं वाटतं. १५३४च्या तहानं वसईचा मुलूख पोर्तुगीजांकडे गेला, तो १७३९मध्ये चिमाजीअप्पांनी घेईपर्यंत. त्या दोनशे वर्षांत अमेरिकेहून आलेली मिरची, पपई, अननस या किनाऱ्यावर रुळली आणि झेंडू तर थेट देव्हाऱ्यात जाऊन बसला. मेक्सिकोत त्याला सेम्पासूचिल म्हणतात. तिथे नोव्हेंबरच्या पहिल्या दोन दिवसांत मृतांसाठी मांडलेल्या वेदीवर आणि थडग्यांवर त्याच्या राशी ओततात, म्हणजे बरेचदा आपल्या दिवाळीच्याच आगेमागे. तिकडे तो पितरांना घराची वाट दाखवतो, इकडे दारावर तोरण होऊन लक्ष्मीची वाट पाहतो.

आमच्या भागातल्या फुलवाल्यांची पाटी पहाटेच्या विरार लोकलनं दादरच्या बाजारात जाते. मोगरा आणि सोनचाफा हा त्यांचा खरा मान, झेंडू सणाचा. पण वाडीत त्याचं आणखी एक काम आहे. त्याच्या मुळांत गंधकयुक्त रसायनं असतात आणि ती जमिनीतल्या सूत्रकृमींना मारक ठरतात. म्हणून टोमॅटो-वांग्याच्या वाफ्याला झेंडूची ओळ लावण्यात शहाणपण आहे.

या कुळाला आपण पूजेत ओळखतो, पण ताटात ओळखत नाही. माझ्या विद्यार्थ्यांना शंभरदा विचारून पाहिलं, सूर्यफुलाच्या तेलापुढे गाडी जात नाही. करडई याच कुळातली. तिची कोवळी भाजी आणि तेल दोन्ही आपलं. तिच्या फुलांच्या तांबड्या रंगावरून कुसुंबी हा शब्द आला. करडईचे काटे कापणाऱ्यांचे हात फाडत, म्हणून फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेनं बिनकाट्याचं वाण काढलं. मला हे संशोधन फार मोठं वाटतं, कारण ते कापणाऱ्याच्या हातापासून सुरू झालं.

आणि खुरासणी! आमच्याच पालघर जिल्ह्यात जव्हार-मोखाड्याच्या उतारांवर ती पावसाळा सरता सरता फुलते आणि माळ पिवळाधमक होतो. घाटावर हिलाच कारळे म्हणतात, चटणीही हिचीच. मूळ इथिओपियाचं हे पीक. वारली-कोकणा घरांत त्याच्या तेलावर पिढ्या जगल्या. एकाच झाडाच्या परागांवर तिचं बी नीट धरत नाही, दुसऱ्या झाडाचा पराग लागतो, म्हणजे मधमाशी लागतेच. माशी कमी झाली की खुरासणीच्या बोंडात पोचट दाणे वाढतात. हॉटेलात सॅलडमध्ये येणारं लेट्यूसही याच घराण्यातलं. त्याचा देठ मोडला की दुधासारखा चीक येतो, आणि तोच चीक आपल्या पाथरीलाही येतो. विदर्भ-मराठवाड्यात पाथरीची पानं भाकरीबरोबर खातात. तिची एक बहीण कोकणच्या किनाऱ्यावर वाळूत वेलीसारखी सरपटते, पावलापावलावर मूळ धरते आणि वाळू बांधून ठेवते. मालदीवमध्ये तिची पानं चिरून रोजच्या जेवणात घालतात. आपण तिच्यावर चप्पल ठेवून पुढे जातो.

पण मला लिहायचं होतं ते माक्याबद्दल.

माका हा पाणथळ कडेचा. पांढरी, शर्टाच्या बटणाएवढी फुलं, पानं खरखरीत. आगाशीच्या वाड्यांत बावखलं होती. पावसाचं पाणी धरून ठेवणारी, रहाटाला आणि विहिरींना आधार देणारी गोड्या पाण्याची तळी. त्यांच्या काठावर माका न लावता यायचा. पितृपक्षात श्राद्धाला तो लागे, आणि आजी खोबरेल तेलात त्याचा रस आटवून ठेवी. त्याचं पान चुरगाळलं की हिरवा रस बघता बघता काळा पडतो. लहानपणी आम्ही त्यानं हातावर नावं काढायचो.

वाडीची जागा इमारतीला गेली की पहिलं बुजतं ते बावखल. बुजवलेल्या जागी दगडमाती येते आणि मग उगवते ती एकदांडी, ओसाडी आणि गाजर गवत. तिन्ही याच कुळातली, तिन्ही अमेरिकेकडची. एकदांडीचा पाला जखमेवर चोळतात, तेवढं तिचं ऋण मानते. गाजर गवताचं मात्र काही मानवत नाही. १९५०च्या दशकात ते पुण्यात प्रथम दिसलं आणि देशभर पसरलं. त्याच्या सहवासानं त्वचेला खाज सुटते, दमा बळावतो. कुळ तेच आहे, म्हणून बाहेरून पाहणाऱ्याला वाटेल की झालं काय, पांढऱ्या फुलांच्या जागी दुसरी फुलं आली. जमिनीखालचं पाणी गेलं, हे त्याला दिसत नाही. मला मात्र माक्याच्या नसण्यातून आधी तेच दिसतं.

यंदा आमच्या आळीच्या मागच्या बावखलावर मी माका शोधायला गेले. अर्धं बुजलंय. उरलेल्या अर्ध्याच्या काठी, शेवाळाला लागून, हातभर पट्ट्यात तो होता. दोन मुठी घेतला, बाकीचा बी धरायला ठेवला. घरी येऊन रस काढला, तेल चुलीवर चढवलं आणि तसेच हात पुसून तोरणाला बसले. शेजारच्या पोरानं विचारलं, "मावशी, हात काळे कशानं झाले?" मी त्याच्या हातात गोंडा दिला आणि म्हटलं, "आधी यातलं एक फूल काढ, मग सांगते."